मुद्देमाल क्रमांक सतरा

मी एक सायकल आहे. पण पाच वर्षं मला त्या नावाने कुणी ओळखलं नाही. माझ्या दांड्याला चिठ्ठी बांधली होती : मुद्देमाल क्रमांक सतरा.

माझे मालक साहेबराव भोसरीच्या एका कारखान्यात हेल्पर होते. ओव्हरटाइमवरून त्यांचं सुपरवायझरशी वाजलं. दुसऱ्याच दिवशी, १९७६ सालच्या एका दुपारी, शिफ्ट सुटताना वॉचमनने त्यांना गेटवर अडवलं. केबिनमधून तांब्याच्या तारेचं भेंडोळं आणून त्याने माझ्या कॅरिअरवर ठेवलं आणि पोलिसांना बोलावलं.

पंच व्हायला कुणी तयार होईना. समोर भाजी विकणाऱ्या शालनबाई तेवढ्या पाटी सोडून जाऊ शकल्या नाहीत. जमादारांनी त्यांनाच बोलावलं.

"सायेब, तार तर ह्या वॉचमननंच..."

"बाई, ते कोर्टात सांगा. इथे अंगठा द्या."

बाईंनी अंगठा दिला. साहेबरावांची नोकरी गेली. ते पिंपरीत हमाली करू लागले. मी पुण्याच्या कोर्टामागच्या शेडमध्ये जाऊन पडले.

मग तारखा सुरू झाल्या. कधी न्यायाधीश रजेवर, कधी वकील गैरहजर. शालनबाई बसने यायच्या, शेडच्या सावलीत माझ्याशेजारी भाकरी खायच्या आणि तशाच परत जायच्या. त्यांच्या खाड्यांत गेटसमोरची जागा दुसरीनेच धरली. तरी समन्स आलं की बाई हजर.

१९८१ मध्ये एकदाचा पुकारा झाला. मला हवा गेलेल्या चाकांवर ढकलत आत नेलं.

"हा अंगठा तुमचाच ना?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"माझाच."

"तार सायकलीवर होती, हे खरं?"

"व्हय. पर ती वॉचमननं केबिनीतनं आणून ठिवली. म्या तवाच सांगत व्हते. जमादार म्हनले, कोर्टात सांगा. म्हनून पाच वरसं येतीया."

लिहून घेणाऱ्याने ते शब्दशः उतरवून घेतलं.

साहेबराव निर्दोष सुटले. निकालाच्या दिवशी शालनबाईही आल्या होत्या. बाहेर साहेबराव त्यांच्या पायाशी वाकले.

"पाया नको पडू, बाबा. लई दमले मी. तेवढी बस गाठून दे."

आता मी पिंपळे गुरवात साहेबरावांच्या भिंतीला टेकून असते. चेन गंजली, ट्यूबा कुजल्या. पुन्हा चालेन असं वाटत नाही.

तुम्हाला कुणी पंच म्हणून बोलावलं, तर जा. फेऱ्या पडतील, रोज बुडेल. तरी जा. त्या दुपारी मीही सगळं पाहिलं होतं. पण सायकलीची साक्ष कोण घेतं?