नऊ नंबरचा दात

अशी कल्पना करा, की तुमच्याएवढीच एक मुलगी फिरत्या खुर्चीत बसून गरागरा फिरते आहे आणि समोर तिची आई चिमट्याने एकेक दात उचलून छोट्या डब्यांत परत ठेवते आहे. एकूण बारा दात. अकरा आहेत चार हजार वर्षांपूर्वी युरोपातल्या धातू गाळणाऱ्यांच्या एका वस्तीत पुरलेल्या मुलांचे. बारावा या मुलीचा, गेल्या महिन्यात पडलेला.

मुलीला घरी भिंगरी म्हणत. का, ते त्या खुर्चीकडे पाहूनच कळलं असतं. शाळेच्या वेळी ती इथे, आईच्या प्रयोगशाळेत होती, कारण सकाळपासून तिचं पोट दुखत होतं.

"शाळा म्हटली की बरं दुखतं गं तुझं पोट!" आईने निघताना सुनावलं होतं.

आई पस्तिसाव्या वर्षी पुरातत्त्वाचं एम.ए. करत होती. विभागाची एक शिस्त होती. जुन्या दातांत एक आजचा मिसळायचा, डब्यांवर फक्त आकडे घालायचे आणि आजचा कुठला, ते तपासणाऱ्याला सांगायचं नाही. मूल वाढतं तसं त्याच्या अंगात गेलेलं शिसं दातात साठत जातं. ते यंत्राने मोजलं होतं आणि तो कागद आता तपासणाऱ्या सरांच्या हातात होता.

"चार नंबर आजचा," सर म्हणाले. "सगळ्यात कमी शिसं. लावता पैज?"

आई गालात हसली. सर चुकले होते.

"आणि हा नऊ बघा! अहो बाई, नशीब काढलंत. इतरांच्या चौपट! याच्या बापाची भट्टी घरालाच लागून असणार."

चिमटा टेबलावर पडला. नऊ नंबरच्या डब्यात आईने स्वतःच्या हाताने भिंगरीचा दात ठेवला होता.

घरामागच्या शेडमध्ये भिंगरीचे बाबा जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवत. "अहो, ती भट्टी जरा लांब न्या ना," आई म्हणायची. "नेऊ गं, हातातलं काम उरकू दे," ते म्हणायचे. तीन वर्षं ते काम उरकत होतं.

"नऊ... आजचा नसेल ना, सर?" आईने विचारलं.

"छे! एवढं शिसं अंगात घेऊन आजचं पोर शाळेत जाईल होय? अशी पोरं आधी पाढे विसरतात. मग पोट धरून बसतात. मग..." त्यांनी पान उलटलं. "दहा वर्षांच्या पुढे यातलं एकही गेलेलं नाही."

आईने खुर्चीची पाठ घट्ट धरली. खुर्ची थांबली.

"एक मात्र कळत नाही," सर पेन्सिलीने कपाळ खाजवत म्हणाले. "भट्टीवर बाप. पोर अंगणात खेळणार. मग एवढं शिसं पोटात गेलं कसं?"

वर्गात उत्तर येत असल्यासारखा भिंगरीने हात वर केला. मग गालात धरलेली करडी, गुळगुळीत शिशाची गोळी काढून तिने सरांच्या कागदावर ठेवली, आणि खिशातली दुसरी, कोरडी, त्यांच्यासाठी पुढे केली.