वांग्याला आलेलं नैराश्य

घाटंजीच्या बाजारात त्या दिवशी भाजीपेक्षा सरबत विकणाऱ्या एका महाराजांपुढे गर्दी जास्त होती. तांब्यातल्या पाण्याने हात धुवायचे, ओला अंगठा पिवळ्या कागदावर टेकवायचा, की ठसा लालभडक!

"हे पाहा मायक्रो-आरएनए!" महाराज गरजले. "डोक्यातले बारीक किडे! हेच माणसाले उदास करून राह्यले. ठशावर माह्या सरबताचा थेंब टाका, लाली गायब! तेच सरबत प्या, किडे खलास. गोळ्या कायले पाह्यजेत?"

लोकांनी माना डोलावल्या. शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या अपेक्षाचं मात्र डोकं फिरलं. तिच्या आईने, तानाबाईने, याच माणसाच्या नादाने पंधरा दिवसांपासून नैराश्याच्या गोळ्या सोडल्या होत्या. आता ती ताटालाही हात लावत नव्हती, आणि आज पुन्हा रांगेत उभी होती. समजावून समजावून अपेक्षाचं तोंड दुखलं. आईचं एकच, "ठसा लाल येते ना? मंग?"

अपेक्षाने शेजारच्या भाजीवाल्या सरदारभाईंच्या ढिगातलं एक वांगं उचललं, तांब्यात बुडवलं आणि कागदावर दाबलं. ठसा लालभडक!

"आता याले कायचं दुःख वो?" सरदारभाई ओरडले. गर्दी हसली.

"कागदाले हळद लावली हाये, पाण्यात चुन्याची निवळी," अपेक्षा म्हणाली. "हळदीत चुना घालून कुंकू करतेत, ते इथं कोणाले माहीत नाही? अन् सरबतात लिंबू." तिने सरदारभाईंकडचंच एक लिंबू घेऊन ठशावर पिळलं. लाल डाग पुन्हा पिवळा झाला. "घ्या, मेले किडे!"

महाराज पसारा गुंडाळू लागले. पुढच्या आठवड्यात ते दुसऱ्या बाजारात बसतील, हे अपेक्षाला ठाऊक होतं. त्याचाच तिला संताप येत होता.

तानाबाई हळूच म्हणाली, "मंग माहं दुःखही खोटं हाये का?"

अपेक्षाचा राग विरघळला. "नाही आई. दुःख खरं हाये. मायक्रो-आरएनएही खरे हायेत, पण ते किडे नाहीत. ते साऱ्यांच्याच पेशीत असतेत, कोणतं प्रथिन किती बनवायचं ते सांभाळतेत. नैराश्यात मेंदूतलं हे काम बिघडत असावं, असं शास्त्रज्ञ तपासून राह्यले. अजून त्यायलेच पुरतं उमगलं नाही, अन् या महाराजाले अंगठ्यावर दिसते? जे वांग्यालेही लागू पडते, त्याच्यापायी तू गोळी सोडली!"

तानाबाईने ते वांगं उचलून सरदारभाईंच्या ढिगात परत ठेवलं. मग तिने पदर खोचला.

"चाल," ती म्हणाली, "डॉक्टर पाच वाजेलोकच बसते, मंग दवाखाना बंद."