ओदेतची मुलाखत

माझी थोरली बहीण ओदेत जेवताना सुद्धा वाचायची. आई तव्यावर कुट्टूच्या पिठाची धिरडी घालायची आणि ओदेत आम्हाला मोठ्याने वाचून दाखवायची. ती गंमत माझ्या आयुष्यात पुन्हा कधी आली नाही.

कागदाच्या गिरणीचं आमचं गाव. तिथून मुलींच्या त्या मोठ्या कॉलेजला अर्ज करणारी ती पहिलीच. गुण उत्तम होते, फक्त मुलाखत उरली होती. ती कॉलेजात जाऊन देता यायची, नाहीतर गावातल्याच एखाद्या माजी विद्यार्थिनीकडे. आमच्या गावात तशी एकच होती, गिरणीच्या मॅनेजरची बायको, हॅस्केलबाई.

शाळेच्या ऑल्डनबाई मुद्दाम घरी आल्या. म्हणाल्या, "तिला मुलाखतीला कॉलेजातच पाठवा. तिथे ती कुणाची मुलगी आहे, हे कुणाला ठाऊक नसतं."

"आणि इथे ठाऊक आहे, हेच तर बरं!" पपा म्हणाले. "इतकी वर्षं त्यांच्या यंत्रावर आहे मी. हॅस्केलबाई मला नावाने हाक मारतात."

"मारतात खरं," आई म्हणाली, "पण तुमच्या ओव्हिला नावाचं ऑलिव्हर करतात."

"म्हणेनात का! हाक मारतात ना?"

ओदेत हळूच म्हणाली, "पपा, मला तिथलं ग्रंथालय एकदा बघायचंय."

"एकदा कशाला? निवड झाली की चार वर्षं बघ. या बर्फात एकटी पोर बसने जाणार, रात्री राहणार कुणाकडे?"

हॅस्केलबाईंकडेच जायचं ठरलं.

टेकडीवरच्या इंग्रजी बोलणाऱ्या साहेबांच्या घरांत आमची गिरणीत राबणारी फ्रेंच माणसं मागच्या दाराने जायची. तसा नियम कुणी केला नव्हता. आई शिवलेले कपडे पोचवायला त्याच दाराने जायची, पपाही नाताळच्या शुभेच्छा द्यायला तिथूनच. मुलाखतीला निघताना पपांनी ओदेतला बजावलं, "पुढच्या दाराशी उभी राहू नकोस हं, आगाऊ दिसतं." सोबतीला मी होते.

दार स्वयंपाकीण नोराने उघडलं.

"हॅस्केलबाईंनी बोलावलंय," ओदेत म्हणाली.

"ठाऊक आहे. या, बसा. सवड झाली की बोलावतील."

मेजवानीला वाढण्यासाठी बाईंनी त्या दिवशी मुली बोलावल्या होत्या. हे आम्हाला मागाहून कळलं. बसल्या बसल्या नोराने चांदीच्या चमच्यांचा ढीग पुढे सरकवला. "रिकाम्या कशाला बसता? हे पॉलिश लावून एवढे पुसून टाका."

ओदेतने माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणणं उद्धटपणाचं दिसलं असतं. आम्ही दोघी पुसत बसलो. ढीग संपत आला तेव्हा हॅस्केलबाई आत आल्या.

"नोरा, ती तिबोदोची मुलगी आलीच नाही गं! किती वाट बघायची माणसाने?"

ओदेत उठून उभी राहिली. हातात चमचा तसाच. "मी आलेय, बाई."

बाई आधी गोंधळल्या, मग मनापासून हसल्या. वाईट नव्हत्या त्या. "अगं वेडे, मग पुढून का नाही आलीस?"

पपांचं नाव तिच्या ओठांवर आलं असणार. "चुकलं माझं," एवढंच ती म्हणाली.

बाईंकडे पाहुणे यायची वेळ झाली होती. त्या तिला दिवाणखान्यात घेऊन गेल्या आणि मी उरलेले चमचे पुसून संपवायच्या आत ओदेत परत आली.

रस्त्यात मी विचारलं, "काय गं, काय विचारलं?"

"काय वाचतेस, म्हणाल्या."

"मग? काय सांगितलंस?"

"एकाही पुस्तकाचं नाव आठवेना गं. हाताला त्या पॉलिशचा वास येत होता. तेवढाच कळत होता." मग चालता चालता थांबून म्हणाली, "घरी काही बोलायचं नाही. पपांना तर मुळीच नाही."

एप्रिलमध्ये नकार आला. शाळा संपल्यावर ओदेत गिरणीत कागद मोजायच्या खात्यात लागली आणि तिथेच म्हातारी झाली.

नकाराने पपा फार दुखावले, पण बाईंना त्यांनी कधी दोष दिला नाही. गिरणीच्या फाटकाशी बाई त्यांना भेटल्या होत्या. शेजारीपाजारी, चर्चबाहेर, कुणीही भेटलं की पपा अभिमानाने सांगायचे, "कॉलेजवाल्यांना कदर नाही. हॅस्केलबाई स्वतः मला म्हणाल्या, ऑलिव्हर, मुलगी कामाला मोठी चलाख आहे हो तुझी!"

ओदेत शेजारी उभी असायची. एकदाही तिने त्यांना मध्ये थांबवलं नाही.