मिठाचा चौकोनी कण

कणाची बाजू जेमतेम दोन मिलिमीटर असेल. पॅराशूटच्या पिशवीतून निघालेली पोलादी तार ज्या नळीत शिरते, तिच्या तोंडाशी तो बसला होता. पांढरा, कडा धारदार, बाजू सपाट. नेड्रा टोलमनने चष्मा कपाळावर सरकवला आणि अगदी जवळून पाहिलं. वाऱ्याने उडून आलेलं मीठ घासून घासून गोलसर झालेलं असतं. असा चौकोनी कण उडून येत नाही. खारं पाणी सावकाश वाळलं की तो जागच्या जागी वाढतो.

तिने तो नखाने काढला नाही. नुसती पाहत राहिली.

सकाळचे सव्वासात वाजले होते. अमेरिकेतलं बॉनव्हिलचं मिठाचं मैदान नजर पोचेल तिथपर्यंत पांढरं होतं आणि त्यावर मारलेली काळी रेघ डोंगरांच्या दिशेने जाऊन विरून गेली होती. रेघेच्या या टोकाला निळी, लांबोडकी गाडी उभी होती. आत ब्रिन ऑलरेड पट्ट्यांनी जखडून बसली होती. वय एकोणतीस, धंद्याने गुराढोरांची डॉक्टर. काल तिने ही गाडी ताशी दोनशे चौऱ्याहत्तर मैलांनी पळवली होती. इथला नियम असा की एका धावेने विक्रम होत नाही. काल रात्रभर गाडी दोरीच्या आत, पहाऱ्यात होती. आज सकाळी दुसरी धाव, आणि दोन्हींची सरासरी. मोडायचा होता तो आकडा होता दोनशे एकाहत्तर पूर्णांक तीन. तेहेतीस वर्षं तो आकडा थेन टोलमनच्या नावावर होता. याच गाडीतला. थेन नेड्राचा नवरा.

सुटण्याआधी गाडीची शेवटची तपासणी नेड्राची. पट्टे, हेल्मेट, आग विझवायची नळी, धावेअखेर गाडी थांबवणाऱ्या पॅराशूटची खीळ. तिने ‘हो’ म्हटल्याशिवाय चाक हलत नसे.

पट्टे तिने मघाशीच तपासले होते. तेव्हाच तिला दिसलं होतं की खुर्ची नव्याने, ब्रिनच्या मापाने घडवली आहे. नेड्राची आणि ब्रिनची उंची सारखीच. खांदेही तेवढेच. त्या खुर्चीत नेड्राही बरोबर मावली असती.

थेन दर वर्षी म्हणायचा, पुढच्या वर्षी तू. तिच्याकडे दोनशे मैलांपर्यंतचा परवाना होता. पण पुढचं वर्ष कधी आलं नाही. मैदानावर हा माणूस कधी खरचटलासुद्धा नाही, आणि घरच्या पलंगावर फुप्फुसाच्या आजाराने गेला. गाडी त्याच्या भागीदाराच्या, व्हर्लच्या, शेडमध्ये राहिली. नेड्रा पोटॅशच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाली, दर शनिवारी शेडमध्ये जाऊन पॅराशूटच्या शिवणी तपासू लागली, आणि व्हर्लने विचारावं म्हणून सहा वर्षं थांबली. मागच्या वसंतात चर्चच्या जेवणाच्या वेळी व्हर्लने खुशीत सांगितलं की गाडीला चालक मिळाला, पोरगी आहे, पण काय हात आहे तिचा! नेड्राने हातातलं बटाट्याचं भांडं खाली न ठेवता त्याचं अभिनंदन केलं. त्या रात्री भांड्याच्या कडेचा वळ तिच्या तळव्यावर होता.

तेव्हापासून ती ब्रिनमध्ये खोट शोधत होती. सापडत नव्हती, हेच तर दुखणं. पोरगी वेळेवर यायची, ऐकून घ्यायची, स्वतःची चूक स्वतः सांगायची. नेड्रा ब्रिनच्या गाडीचे स्क्रू दोनदा मोजते, अशी थट्टा तंबूतंबूंत चालायची. नेड्राच्या कानावर ती आली होती, आणि खोटी नव्हती.

ती उठली आणि व्हर्लला गाडीच्या मागे बोलावलं. काल पॅराशूट धुतलं होतं का, असं विचारलं.

"चांगलं झटकलं होतं," व्हर्ल म्हणाला.

"धुतलं होतं का?"

व्हर्लने टोपी काढून पुन्हा घातली. सत्तरीतला माणूस, पण पकडला गेला की शाळकरी दिसायचा. मग त्याने सांगितलं. काल गाडी थांबली तिथे जमीन ओली होती, पॅराशूट चिखलातून फरपटत आलं. गावातून आणलेलं गोडं पाणी होतं थोडंच. इंजिन गार ठेवायची टाकी भरायची, की पॅराशूट आणि त्याची तार धुवायची? दोरीच्या आत कामाला चारच तास मिळतात. टाकी भरली.

नेड्राने त्याला तो कण दाखवला. त्याने डोळे बारीक केले आणि हसला.

"अगं, मिठाच्या मैदानात मीठ सापडलं! आता तळ्यात पाणी सापडलं म्हणून गाडी थांबव."

ती हसली नाही. तोंडाशी एवढा वाढला आहे तर नळीच्या आत किती असेल, असं तिने विचारलं. तारेला मीठ धरलं तर दांडा ओढूनही खीळ सुटणार नाही. ओढून बघायचं तर पॅराशूट बाहेर येणार. मग धुणं, वाळवणं, घडी, निदान तीन तास. नऊला वारा सुटणार होता. पश्चिमेला ढग होते, आणि एकदा पाऊस पडला की मैदानाचं पुन्हा तळं. यंदाच्या धावांचा हा शेवटचा दिवस.

व्हर्लने आवाज उतरवला. "लोक काय म्हणतील, ठाऊक आहे ना? नवऱ्याचा आकडा राखत बसलीय म्हणतील. आणि मला विचारशील तर, नेड्रा, मलाही तसंच वाटेल."

प्रयोगशाळेत तराजूचा काटा हलला की आधी बघायचं, आपलाच हात टेबलाला लागला नाही ना. तिचा हात लागलेलाच होता. गाडी थांबवली तर थेनचा आकडा टिकत होता. सोडली, आणि पॅराशूट उघडलं नाही, तर...

तो विचार येऊन गेला. पूर्ण आला, आणि तिने तो पूर्ण पाहिला. सातव्या मैलापुढे मीठ संपतं आणि चिखल लागतो. या वेगात ब्रेकचा उपयोग नसतो. अठ्ठ्याऐंशी साली गार्न पल्सिफर असाच चिखलात गेला होता, तेव्हा आधी पोचलेल्यांत ती होती. पट्टे तिनेच कापले होते. थांबव म्हटलं तरी तिचं भलं होत होतं, जा म्हटलं तरी तिच्यातल्या कुणाचं तरी भलं होत होतं. मनाला विचारण्यात अर्थ उरला नव्हता. उरला होता तो कण. त्याला हेवा ठाऊक नव्हता.

ब्रिनने काच वर केली.

"मिसेस टोलमन, काही राहिलंय का? असलं तर सांगा हं. व्हर्लकाका सगळ्यालाच हो म्हणतात. तुम्ही हो म्हणता तेव्हाच माझा पाय पॅडलवर पडतो."

नेड्राने तिच्या हातमोज्याकडे पाहिलं. दांड्यावर ठेवलेला लहानसा हात. आपल्या हाताएवढाच.

"तुझ्या थेनच्या वेळीही धुतलं नव्हतं," व्हर्ल मागून हळूच म्हणाला. "तूच घडी घातली होतीस. उघडलंच ना?"

"दुसऱ्या हिसक्याला उघडलं."

पॅराशूट तेव्हा धुतलं नव्हतं, ही गोष्ट तिघांनाच माहीत होती, आणि तिघांतला एक आता नव्हता. त्या सकाळी नळीच्या तोंडाशी असाच एक कण होता. तिने पाहिला होता. थेन आतून तिच्याकडे बघून हसत होता, दहा वर्षं त्या सकाळची वाट पाहिलेला माणूस. तिने अंगठा वर केला होता. नंतर तो सगळ्यांना हसत सांगायचा की दांडा दोनदा ओढावा लागला बुवा. त्या वेगात सेकंदाला चारशे फूट जमीन मागे जाते. दोन हिसक्यांमध्ये किती सेकंद गेले, हे तिने त्याला कधी विचारलं नाही. आपण काय पाहिलं होतं, हेही सांगितलं नाही. तेहेतीस वर्षं टाळ्या वाजल्या की तीही वाजवत आली होती.

गाडी सोडणारा झेंडेवाला दोनदा घड्याळ पाहून चुकला होता. नेड्राने चष्मा नाकावर घेतला आणि त्याच्याकडे हात पुढे केला. त्याने रेडिओ दिला. तो साऱ्या मैदानावर ऐकू जायचा: वेळ मोजणाऱ्यांच्या मनोऱ्यात, रुग्णवाहिकेत, तंबूतंबूंत. तिने बटण दाबलं, आणि सवयीने आधी वेळ सांगितली.

"सात एकोणतीस. निळी गाडी आज जाणार नाही. पॅराशूटच्या तारेत मीठ वाळलंय. हेच मीठ मी थेनच्या विक्रमाच्या सकाळीही पाहिलं होतं. तेव्हाही मी गाडी थांबवायला हवी होती."