मचूळ पाण्याचा अलंकार

जीवराम गुरुजी धुळ्याच्या एका शाळेत मराठी शिकवत, आणि शाळा सुटली तरी त्यांचं शिकवणं सुटत नसे. बाजारात कोणी "लोण्यासारखी वांगी" म्हणालं, की गुरुजी "उपमा" असं पुटपुटून पुढच्या पाटीकडे सरकत. सत्तावन्नच्या निवडणुकीत ते सगळ्या पक्षांच्या सभांना गेले. वक्त्यानं हात उंचावून "तुम्हाला उपाशी राहायचंय का?" विचारलं, की शेजारच्याला हळूच सांगत, "हा प्रश्न उत्तरासाठी नाही, टाळीसाठी आहे." शेजारचा पुढच्या सभेला लांब बसे.

इथवर ठीक होतं. पण घरात लेक सुनंदा बाविशीला आली होती, आणि स्थळं आणणारी माणसं अलंकाराशिवाय बोलत नाहीत. पहिला मुलगा हिरा होता, रूपक. दुसऱ्याच्या घरी सोन्याचा धूर निघत होता, अतिशयोक्ती. तिसऱ्याच्या मध्यस्थानं मुलाविषयी काही न सांगता तालुक्यातल्या बड्या माणसांचीच नावं घेतली. चौथा म्हणाला, आठवड्यात कळवा, मागे रांग लागलीय. रांग दिसली की माणूस विचार न करता उभा राहतो, हे गुरुजींना ठाऊक होतं. त्यांनी चारही स्थळं परत पाठवली. लेक म्हणजे काही निबंध नाही, तपासून तपासून वही फाटेल, असं यशोदाबाई नवऱ्याला सुनावत.

मग एका लग्नाच्या मांडवात पिंपळनेरचे निंबा आबा भेटले. जातीतलेच, घरची शेती, मुलगा वना लग्नाचा. पान लावता लावता आबा म्हणाले, "मना पोऱ्या हेकट शे. हिरनं पानी मचूळ शे, दाय शिजस नही. घर स्टँडपाईन लांब शे." आणि पान तोंडात टाकलं.

गुरुजी हादरले. मुलाचा बाप असं बोलत नसतो. घरी येऊन त्यांनी निदान केलं: व्याजस्तुती. वरून निंदा, आतून स्तुती. हेकट म्हणजे निश्चयी. विहिरीचं पाणी मचूळ, डाळ शिजत नाही, म्हणजे विहीर स्वतःची आहे, हे हळूच सुचवलं. माणूस फार मुरलेला दिसतो.

सुनंदा तांदूळ निवडत होती. "नाना, मचूळ म्हणाले तर मचूळही असेल. हे एक स्थळ तरी चाखून परत पाठवा."

तिचा आवाज चढला नव्हता, पण तिनं सुपातून मान वर केली नाही. गुरुजींना तेच जास्त लागलं.

ते पिंपळनेरला गेले. घर खरंच स्टँडपासून लांब होतं. विहिरीवर पाण्याच्या पहिल्याच घोटाला त्यांचं तोंड वाकडं झालं. वना मळ्यात पाणी भरत होता. पाहुणे आल्याचा निरोप गेला, तर वाफा भरल्याशिवाय येत नाही म्हणाला, आणि भरूनच आला, चिखलाच्या पायांनी. गुरुजींचा संशय आणखी वाढला. व्याजस्तुती कुठंच बसेना. शेवटी आठवलं: आहे ते आहे तसं सांगणं, ही स्वभावोक्ती. शास्त्रात तोही अलंकारच. गुरुजींना हायसं वाटलं. माणूस सापडला.

"आते तुमनी पोरनं सांगा," आबा म्हणाले.

गुरुजींनी तोंड उघडलं मात्र. सुनंदा म्हणजे घरातली समई, गुणांची खाण, तिच्या बोलण्यापुढे मध फिका, असली मुलगी अख्ख्या खानदेशात सापडायची नाही. आपलं एकेक वाक्य त्यांना स्वतःलाच ऐकू येत होतं, पण गाडी उताराला लागली होती.

आबांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. "गुरुजी, बावीस वरीसनी पोर. इतली चांगली शे, तर घरमा कशी ऱ्हायनी? खोड काय शे ते सांगा."

गुरुजींना उत्तरं सुचली, पण वर्गात त्यांनी स्वतःच ती खोडून काढली असती.

"खोड तिची नाही, आबा. माझी आहे. माणसं गोड बोलली म्हणून मी त्यांना परत पाठवलं."

आबा त्यांच्याकडे बघत राहिले. आजवर ऐकलेल्या थापांतली सर्वांत मोठी थाप हीच, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलं होतं.

"मग घरी या," गुरुजी म्हणाले. "मी पाणी पिऊन पाहिलं, तुम्ही चहा पिऊन पाहा."

धुळ्याला परतल्यावर सुनंदानं एवढंच विचारलं, "पाणी मचूळ होतं? आणि तो?"

"पाणी मचूळ होतं. आणि तो वाफा भरूनच आला."

"मग येऊ द्या त्यांना."

आबा आले. यशोदाबाईंनी बशा मांडल्या आणि पद्धतीप्रमाणे सांगितलं, की सगळं सुनंदानंच केलंय.

"चिवडा आईचा आहे," सुनंदा म्हणाली. "चहा माझा. दूध करपलं होतं, आबा. घरात दुसरं नव्हतं."

यशोदाबाईंनी डोळे मिटले. आबांनी चहा बशीत ओतला, एक घोट घेतला, आणि विहिरीवर गुरुजींचं झालं होतं तसंच त्यांचं तोंड झालं.

"करपेल शे," ते समाधानानं म्हणाले आणि बशी संपवली. मग कपात उरलेलाही ओतून घेतला. "गुरुजी, तारीख काढा."

गुरुजींनी आपली बशी उचलली. याला शास्त्रात काय म्हणतात, हे त्या दिवशी त्यांनी कोणाला सांगितलं नाही. चहा मात्र फारच करपट होता.