पाऊण इंच माया

बायको गेली की नवरा वाळतो, अशी रीत आहे. मी फुगलो.

हे मला मुलीच्या लग्नाच्या दीड महिना आधी कळलं. ही जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. एरवी मी लुंगीवरच असतो; लग्नात घालायला म्हणून कपाटातली करडी पॅंट काढली. हिनं माझ्यासाठी शिवलेली ती शेवटची पॅंट, चार वर्षांपूर्वीची. पाय घातले, वर ओढली, तर बटण काजापासून दोन बोटं लांब. श्वास धरून पाहिलं, पलंगावर आडवं होऊन पाहिलं. बटण हलायला तयार नाही.

मी शिंपी आहे, चाळीस वर्षं दुकान चालवतोय. पण माझे कपडे हीच शिवायची, कारण शिंप्याला स्वतःचं माप घेता येत नाही. टेप लागली की पोट आपोआप आत जातं. ही टेप धरायची, "श्वास सोडा," म्हणायची आणि मापवहीत लिहायची, कंबर चौतीस. दर वर्षी चौतीस. त्या जोरावर मी गिऱ्हाइकांना तोंडावर बोलायचो. समोरच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला तर दर पॅंटीला सांगायचो, "तुमच्यासाठी आता तंबूवाल्याकडून कापड आणावं लागेल."

आणि आता मीच. लोक म्हणतील, बायको गेली आणि याची चंगळ झाली.

मुलगी नोकरीसाठी परगावी असते, शनिवारी घरी येते. तिनं पॅंट पाहिली आणि म्हणाली, "सोडा की थोडी, बाबा. आत माया असेलच."

माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. माणूस वाढला की शिवण उसवायची आणि माया सोडायची. हे मी हजारदा केलंय. पण ही शिवण हिची होती. हिच्या हातचे टाके आता नव्यानं मिळणार नव्हते.

"उसवणार नाही," मी म्हणालो. "पॅंट आहे तशीच राहील. मी कमी होईन."

"तुम्ही?"

"हो, मी. त्यात हसण्यासारखं काय आहे?"

"काही नाही," म्हणाली आणि हसतच राहिली.

दुसऱ्या दिवशी कंपाउंडरला गाठलं. तो रोज पहाटे चालायला जातो आणि तरी त्याचं पोट त्याच्या पुढे चालतं. तो म्हणाला, "मास्तर, उद्दिष्ट लेखी पाहिजे. डोळ्यासमोर." मी कटिंगच्या टेबलावर खडूनं लिहिलं: रोज कंपाउंडरबरोबर पाच किलोमीटर चालणं. साखर बंद. वीस उठाबशा.

खडूचा एक फायदा असतो. बाहीनं पुसता येतो. उठाबशांतलं बसणं जमलं, उठणं जमेना, म्हणून विसाचे सात केले. पाचाचे तीन झाले. साखर मात्र बंद ठेवली, फक्त बिस्किटं सोडून.

तिसऱ्या दिवशी कंपाउंडरनं विचारलं, "आठ महिने खाता तरी काय?"

"घरचंच. स्वतः करतो."

"किती?"

मी हिशोब सांगितला. हिनं दाखवलं होतं तसंच करत होतो. तेच पातेलं, तेच वाटीचं माप. दोघांचं. आणि टाकायला जीव होत नाही म्हणून दोघांचं खातही होतो.

"मग वाढणारच," कंपाउंडर म्हणाला. "वहिनींचा वाटा कुठे जाणार?"

त्या दिवशी लहान पातेलं विकत आणलं. पाच किलोमीटर चालण्यापेक्षा ते जड गेलं. पण दोन बोटांचं हळूहळू एक बोट झालं.

ते एक बोट काही केल्या हटेना. लग्नाला चार दिवस उरले. मुलगी सुट्टी काढून आली होती. दुकानात तिच्यासमोर मी पोट आत खेचलं, दात आवळले आणि बटण लावलं.

"बघ!" मी म्हणालो आणि स्टुलावर बसलो.

मागून टर्र असा आवाज झाला.

जी शिवण उसवायची नाही म्हणून महिनाभर घाम गाळला, ती आपणहून उसवली होती. मी लुंगी गुंडाळली, पॅंट उलटी केली आणि उजेडात धरली. शिवणीच्या बाहेर, इंचाइंचाच्या अंतरानं, सुईच्या भोकांच्या तीन जुन्या ओळी. पहिल्या ओळीला टेप लावली. चौतीस. फाटलेल्या शिवणीला लावली. सदतीस.

"हे काय?"

मुलगी खडूशी खेळत म्हणाली, "तुम्ही चहाला गेलात की आई सोडायची. मी दारात पहारा द्यायची."

"आणि वहीत चौतीस?"

"आई म्हणायची, त्यांना गिऱ्हाइकांना बोलायला आवडतं. बोलू दे."

म्हणजे सगळा बाजार मला हसत होता, आणि बायको आतून शिवण सोडत होती. खोटारडी. जन्मभर मला बनवलं आणि सापडायची वेळ आली तर निघून गेली. मला हसू आलं, मग दुसरंच काही यायला लागलं, म्हणून मी मुलीच्या हातात टेप दिली.

"श्वास सोडा, बाबा."

"सोडलाय."

"सगळा."

सोडला. पावणेअडतीस. पॅंट सदतीस. मी आतलं कापड मोजलं. हिनं माया भरपूर ठेवली होती, मला ओळखून होती. शिवण टिकेल एवढा काठ धरला तर सोडायला बरोबर पाऊण इंच उरत होती. हिचे तुटलेले टाके चिमटीनं वेचून काढले आणि डबीत ठेवले. मग मी शिवायला बसलो. दुहेरी टीप मारली. बटण लागलं. बसलो, तरी लागलेलं राहिलं.

लग्नाच्या दिवशी पहाटे मी कंपाउंडरचं दार वाजवलं. तो डोळे चोळत बाहेर आला.

"मास्तर, आज मुलीचं लग्न आहे. आज तरी सोडा."

"सोडायला काही उरलं नाही," मी म्हणालो. "बूट घाला. दुपारी जेवण आहे, आणि माया संपली आहे."