दोन रेघांची चौकट

मी फ्रेडरिक, एमडी, नंदाखालचा. आमच्या डॉक्टर संघटनेचा अध्यक्ष. होमिओपॅथांनी ॲलोपॅथीची औषधं लिहू नयेत म्हणून मोर्चात सगळ्यात मोठ्यानं ओरडलो तो मीच. चार दिवस घसा बसला होता.

मग सातिवलीच्या डॉ. भाविकाविरुद्ध तक्रार आली. होमिओपॅथ असून कामगारांना अँटिबायोटिक लिहून देते म्हणे. नाव चांगलंच ओळखीचं होतं. तरी संघटनेतर्फे तक्रारीवर सही ठोकली.

चौकशीच्या दिवशी मी तक्रारदार म्हणून समितीसमोर बसलो होतो, तेव्हा तिनं लिहिलेली औषधांची चिठ्ठी टेबलावर आली. तळाशी चौकटीत होतं, 'तीन दिवसांत उतार नाही, तर मोठ्या डॉक्टरांना दाखवा.' खाली दोन रेघा. अक्षर तिचं, पण चौकटीची सवय माझी, रेघांचीही माझीच. भाविका आठ वर्षं माझ्या हॉस्पिटलात ड्युटी डॉक्टर होती. एमबीबीएसवाले टिकत नाहीत, म्हणून आम्ही सगळेच होमिओपॅथ ठेवतो आणि सभेत त्यांनाच शिव्या घालतो. सलाईनपासून डोसपर्यंत सगळं तिला मीच शिकवलं. ॲलोपॅथीच्या औषधांचा वर्षभराचा कोर्स करायला तिनं सुट्टी मागितली, तर म्हणालो होतो, "मी असताना कोर्स कशाला गं?" तो कोर्स केला असता तर ही औषधं लिहायची परवानगी मिळाली असती, आज तिला इथे उभं राहावं लागलं नसतं.

"हे कुठे शिकलात?" समितीच्या प्रमुखांनी विचारलं.

मी खरं बोललो असतो तर तिचा परवाना कदाचित वाचला असता, माझं अध्यक्षपद मात्र गेलं असतं. तिनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत बसलो.

"पुस्तकं वाचून, सर," ती प्रमुखांना म्हणाली.

परवाना दोन वर्षांसाठी गेला.

जिन्यात तिला गाठलं. तीच आधी म्हणाली, "सर, सेलिन मॅडमची शुगर आता बरी आहे ना?" माझ्या बायकोची चौकशी करत होती! मी नुसती मान हलवली. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात फोन आला. हॉस्पिटलातून अनुज, भाविकाच्या जागेवर ठेवलेला होमिओपॅथ. "सर, तापाचा पेशंट ॲडमिट केलाय. अँटिबायोटिक कुठलं लिहू?"

मी नाव सांगितलं, डोस सांगितला. मग सवयीनं म्हणालो, "तू सही करू नकोस. माझा शिक्का मार."

भाविका एक पायरी खाली उभी राहून ऐकत होती.